गॅसवर चिकन ब्रेस्ट दर वेळी कोरडंच होतं? मसाल्याकडे नंतर बघा, आधी जाडी मोजा

पॅनमधून तुकडा काढला, मधोमध कापला, आत गुलाबी दिसलं म्हणून परत पॅनमध्ये टाकला. पाच मिनिटांनी पुन्हा कापला. गुलाबी रंग गेला होता, पण रसही गेला होता. निमुळतं टोक तर असं वाळलेलं की सुतळी चघळतेय असं वाटावं. प्रत्येक घासाला पाण्याचा घोट. माझ्याकडे हे इतक्या वेळा झालंय की मध्यंतरी मी चिकन ब्रेस्ट आणणंच बंद केलं होतं. त्याआधी सुचेल ते सगळं करून झालं होतं: रात्रभर मॅरिनेशन, दुप्पट लोणी, नवा पॅन, कधी आच वाढवून तर कधी कमी करून. फरक पडला तो चवीत. कोरडेपणा होता तिथेच.

एकदा सहज एकाच तुकड्याची दोन टोकं कापून शेजारी ठेवली. जाड बाजूचा काप ओलसर, चमकदार. पातळ टोकाचा काप खडूसारखा. तुकडा एक, पॅन एक, मसाला एक, पॅनमधला वेळही एकच. म्हणजे मसाल्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. गडबड तुकड्याच्या आकारात होती, आणि तो शिजला की नाही हे मी ज्या पद्धतीने ठरवत होते त्यात होती. पुढे लिहिलेलं जवळपास सगळं या दोन गोष्टींभोवतीच फिरतं. मीठ, आच, भांडं वगैरे बाबी आहेतच, पण त्या दुय्यम.

ब्रेस्टला चूक का चालत नाही

तंगडीचं मांस आपल्या चुका पोटात घालतं. त्यात चरबी जास्त असते, शिवाय कोलॅजनही जास्त असतं. ते बराच वेळ शिजलं की त्याचं जिलेटिन होतं आणि घास ओलसर लागतो. त्यामुळे तंगडी दहा मिनिटं जास्त शिजली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. कातडी काढलेल्या ब्रेस्टमध्ये चरबी जेमतेम २-३ टक्के, कोलॅजन नावापुरतं, आणि वजनाचा साधारण तीन चतुर्थांश भाग नुसतं पाणी. हे पाणी मांसाच्या बारीक धाग्यांमध्ये प्रथिनांनी धरून ठेवलेलं असतं. ते आत राहिलं तर तुकडा रसरशीत, निसटलं तर भुसा.

ते निसटतं कशामुळे? उष्णतेने. साधारण ५० अंश सेल्सिअसला मायोसिन नावाचं प्रथिन आवळू लागतं. काचेसारखं दिसणारं कच्चं मांस इथून पांढरं होत जातं. ६५ अंश ओलांडले की अ‍ॅक्टिन या दुसऱ्या प्रथिनाची पाळी येते. त्याच सुमाराला धाग्यांभोवतीचं आवरणही आखडतं आणि ओलं फडकं पिळावं तसं पाणी बाहेर पडतं. ८० अंशांपर्यंत पोहोचलेल्या तुकड्यात पिळण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. मग वरून कितीही सॉस ओता, तो बाहेरच राहतो.

म्हणजे आपल्याला जे हवंय ते दहाएक अंशांच्या पट्ट्यात आहे, आणि खाली पॅन तापलाय २०० अंशांच्या आसपास. पातळ तुकड्यात शेवटचे दहा अंश बघता बघता चढतात. फोन घ्यायला बाहेर गेलात की संपलं.

"झालं" हे कशावरून ठरवता?

रंगावरून ठरवत असाल तर तो सोडा. मांसाचा गुलाबीपणा मायोग्लोबिन या रंगद्रव्यामुळे असतो. ते किती तापमानाला रंग बदलेल हे कोंबडीनुसार, मांसाच्या आंबटपणानुसार बदलतं. पूर्ण शिजलेलं चिकन कधी कधी किंचित गुलाबी राहतं, आणि पांढरं दिसणारं आतून पुरेसं तापलेलं नसू शकतं. "रस स्वच्छ निघाला की झालं" हाही त्यातलाच प्रकार. बोटाने दाबून, तळहाताच्या मांसल भागाशी तुलना करून ओळखायची युक्ती मला आजवर एकदाही जमलेली नाही, आणि ज्यांना जमते असं ते सांगतात त्यांच्याकडचं चिकनही मी खाल्लेलं आहे.

काटेकोर उत्तर एकच: स्वयंपाकाचा थर्मामीटर. अमेरिकेच्या कृषी खात्याचा घरगुती वापरासाठीचा आकडा आहे ७४ अंश, आत सगळ्यात थंड जागी. ब्रिटनमध्ये ७० अंश आणि तिथे २ मिनिटं, असं सांगतात. दोन्ही आकडे एकमेकांशी भांडत नाहीत. जंतू मरणं हे तापमान आणि वेळ या दोन्हींवर अवलंबून असतं. ७४ ला ते जवळजवळ लगेच मरतात, ७० ला थोडा वेळ द्यावा लागतो. कोरडेपणाच्या दृष्टीने मात्र हे चार अंश फार मोलाचे आहेत.

मी करते ते असं. थर्मामीटरवर ७० दिसले की गॅस बंद, पॅनवर झाकण, थर्मामीटर तुकड्यातच. बाहेरचा थर आतल्यापेक्षा बराच गरम असतो, त्यामुळे आच बंद झाल्यावरही आतलं तापमान दोन-चार अंश चढत राहतं. आकडा ७४ वर गेला, किंवा ७० च्या वर सलग दोन मिनिटं टिकला, की तुकडा ताटात. चढायच्या ऐवजी ७० च्या खाली घसरू लागला, तर पुन्हा मंद आच. घरात लहान मूल, गरोदर बाई, वयस्कर किंवा आजारी माणूस असेल तर ७४ दिसल्याशिवाय मी पुढे जात नाही. मिठात मुरवलेला तुकडा ७४ लाही कोरडा नसतो, कोरडा होतो तो ८० ला.

थर्मामीटर खुपसायचा तो वरून नाही, बाजूने. वरून खुपसला की टोक आरपार जाऊन पॅनच्या जवळ पोहोचतं आणि आकडा फुगतो. सगळ्यात जाड भागाच्या बाजूने, पॅनला समांतर, टोक बरोबर मध्यावर येईल असा घाला. मग किंचित मागेपुढे सरकवा आणि दिसेल तो सगळ्यात कमी आकडा खरा धरा. पहिल्यांदा वापरण्याआधी पेलाभर बर्फात थोडं पाणी घालून, ढवळून त्यात बुडवून बघा. शून्याच्या आसपास दाखवला नाही तर तेवढा फरक लक्षात ठेवावा लागेल.

थर्मामीटर नसेल तर? तर पुढचा भाग दुप्पट महत्त्वाचा. जाडी दर वेळी सारखी ठेवलीत तर वेळही दर वेळी जवळपास सारखा लागतो, आणि चार-पाच वेळा केल्यावर हात बसतो. सगळ्यात जाड जागी छोटी चीर देऊन बघा. आत काचेसारखी झाक, जेलीसारखा ओलेपणा अजिबात नको, धागे सुटे दिसायला हवेत. शंका आली तर आणखी एक मिनिट. कोरडं चिकन खाऊन कोणी आजारी पडत नाही.

जाडी: खरा बिघाड इथे आहे

चिकन ब्रेस्टचा तुकडा हातात घेऊन बाजूने बघा. एका टोकाला चार सेंटीमीटर, दुसऱ्या टोकाला एक. उष्णता मांसातून आत सरकायला लागणारा वेळ जाडीच्या पटीत वाढत नाही, ढोबळ मानाने जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. जाडी दुप्पट झाली तर वेळ चौपट. हे एकदा लक्षात आलं की "प्रत्येक बाजूला सहा मिनिटं" छापाच्या पाककृतींवरचा विश्वास उडतो. कुठल्या जाडीला सहा मिनिटं? एकाच तुकड्यात तीन वेगवेगळी उत्तरं आहेत. जाड भाग होईपर्यंत टोक तीन वेळा शिजून झालेलं असतं.

उपाय दोन, आणि दोन्ही पाच मिनिटांचे.

पहिला, आडवं चिरणं. तुकडा पाटावर ठेवा, वर तळहात सपाट ठेवून हलकेच दाबा, बोटं वर उचललेली. सुरी पाटाला समांतर धरा आणि जाड बाजूने सुरुवात करून पाव कापावा तसे लांब लांब हात मारत आत जा. करवतीसारखं पुढेमागे घासलंत तर पृष्ठभाग फाटका होतो. मांस लिबलिबीत वाटत असेल तर आधी वीस-तीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. कडा जरा घट्ट झाल्या की सुरी सरळ चालते. मोठ्या तुकड्याचे दोन पातळ तुकडे होतात, आणि टोकाकडचा भाग मुळातच पातळ असल्याने तो वरच्या किंवा खालच्या एकाच तुकड्यात गेला तरी बिघडत नाही.

दुसरा, ठोकणं. तुकडा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीत अर्धा चमचा पाणी टाका म्हणजे मांस चिकटून फाटणार नाही. मग लाटण्याने किंवा जड पातेल्याच्या बुडाने ठोका. ठोकायचा तो फक्त जाड भाग, मधून कडेकडे ढकलल्यासारखा. टोकाला हात लावायचा नाही. सगळीकडे दीड ते दोन सेंटीमीटर झालं की थांबा. इथे बहुतेक जण अति करतात आणि पापड करून ठेवतात. सेंटीमीटरच्या खाली गेलं की बाहेर रंग येईपर्यंत आतलं शिजून वाळलेलं असतं.

ब्रेस्टच्या खालच्या बाजूला एक लांबट, सुटा होणारा छोटा तुकडा असतो. तो वेगळाच स्नायू आहे. राहू दिला तर तिथे जाडी अचानक वाढते आणि आतला भाग कच्चा राहतो. तो ओढून काढा आणि वेगळा शिजवा. मुख्य तुकड्यापेक्षा तो खूप लवकर होतो. त्यातली पांढरी, दोरीसारखी शीर चावली जात नाही. तिचं टोक कागदी टिश्यूने घट्ट धरून सुरीच्या बोथट बाजूने मांस खरवडत मागे सारलं की ती अख्खी निघून येते.

मीठ आधी, बाकी सगळं नंतर

मॅरिनेशनबद्दल माझा मोठा गैरसमज होता. रात्रभर ठेवलं की मसाला मांसात खोल मुरतो, असं वाटायचं. प्रत्यक्षात लसूण, मिरची, तेल, सुगंधी पानं यांची चव पृष्ठभागाच्या जेमतेम आत जाते. खरोखर आत शिरतं ते मीठ. आणि मीठ चवीपेक्षाही मोठं काम करतं: ते मायोसिनची बांधणी सैल करतं, त्यामुळे तापल्यावर धागे कमी आवळतात आणि पाणी जास्त धरून ठेवतात.

कोरडं मीठ लावणं सगळ्यात सोपं. मांसाच्या वजनाच्या एक ते सव्वा टक्का, म्हणजे अर्ध्या किलोला ५-६ ग्रॅम, साधारण एक सपाट छोटा चमचा बारीक मीठ. दोन्ही बाजूंना सारखं चोळून फ्रीजमध्ये ठेवा. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत वर पाण्याचे थेंब येतील आणि तुम्हाला वाटेल, मीठ पाणी ओढून काढतंय. काढतंयच. पण तेच पाणी मीठ विरघळवून घेऊन पुन्हा आत जातं. पाऊण तासानंतर पृष्ठभाग पुन्हा कोरडा दिसू लागतो. म्हणून एक तर पॅनमध्ये टाकायच्या अगदी आधी मीठ लावा, नाही तर पाऊण तास आधी. मधल्या वेळी, म्हणजे लावून वीस मिनिटांनी टाकलंत तर सगळं पाणी वर असतं आणि चिकन भाजण्याऐवजी उकडतं. रात्रभर उघडं ठेवलं तर आणखी उत्तम.

मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचं असेल तर एक लिटर पाण्याला ५०-६० ग्रॅम मीठ, अर्धा ते एक तास, फ्रीजमध्येच. एवढ्या वेळात बऱ्यापैकी काम होतं, पण बाहेर काढल्यावर पृष्ठभाग चांगला ओला असतो, तो टिपून कोरडा करावा लागतो. मला स्वतःला कोरडी पद्धत आवडते, कारण पाण्यात ठेवलेल्या तुकड्याची चव थोडी पाणचट होते.

पाकिटावर घटकांची यादी असेल तर ती वाचा. काही चिकनमध्ये विक्रीआधीच मिठाचं पाणी टोचलेलं असतं. त्याला वर आणखी मीठ लावून ठेवलंत तर खारट होईल.

लिंबू किंवा व्हिनेगर असलेलं मॅरिनेशन दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. आम्लाने वरचा थर शिजल्यासारखा पांढरा होतो, आणि पॅनमध्ये गेल्यावर तो पिठूळ लागतो. कच्ची पपई आणि ताजं अननस यांतली एन्झाइम्स तर मांसाचे धागेच तोडतात. ब्रेस्टसारख्या नाजूक मांसाला त्यांची गरजच नाही. तुकडा लगद्यासारखा झाला असेल तर आधी इकडे संशय घ्या.

आणि चिकन नळाखाली धुऊ नका. पाण्याने जंतू मरत नाहीत, कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेलाचे शिंतोडे सिंकभर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात तेवढे. कागदी टिश्यूने टिपा, टिश्यू टाकून द्या, हात साबणाने धुवा.

पॅनमध्ये पाणीच पाणी होतं, रंग येत नाही

एक ग्रॅम पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला ८० कॅलरी उष्णता लागते. त्याच ग्रॅमची वाफ करायला आणखी ५४०. तुकडा ओला असेल तर पॅनची सगळी धग आधी हे पाणी उडवण्यात जाते, आणि पाणी असेपर्यंत पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जात नाही. खरपूस रंग आणि भाजल्याचा वास देणारी मायार प्रक्रिया (फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिल मायार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं) नीट जोर धरते ती १४० च्या आसपास. तोवर तुकडा नुसता उकडत राहतो आणि रंग येण्याची वाट बघता बघता आतून वाळतो.

म्हणून पॅनमध्ये टाकायच्या आधी टिपा, उलटून पुन्हा टिपा. टिश्यू जवळपास कोरडा निघेपर्यंत. एवढं करूनही पाणी साचत असेल तर कारण या तिघांपैकी एक असतं. पॅनमध्ये गर्दी आहे. दोन तुकड्यांत बोटभर अंतर हवं, नाही तर दोन घाण्यांत करा. किंवा चिकन अर्धवट वितळलेलं आहे. किंवा मघाशी म्हटलं तसं टोचलेलं आहे. त्या तिसऱ्यावर माझ्याकडे उपाय नाही, दुसरीकडून आणा एवढंच.

गोठलेलं चिकन आदल्या दिवशी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळवा. घाई असेल तर बंद पिशवीत घालून थंड पाण्यात, दर अर्ध्या तासाला पाणी बदलत. ओट्यावर तासन् तास ठेवू नका. फ्रीजमधलं चिकन "रूम टेम्परेचरला येऊ द्या" हा सल्लाही मी आता पाळत नाही. अर्ध्या तासात जाड तुकड्याच्या मध्यावर काही अंशांचाच फरक पडतो, आणि जास्त वेळ ठेवणं सुरक्षित नाही. दोन सेंटीमीटर जाडीच्या तुकड्याला त्याने काही फायदाही होत नाही.

आता प्रत्यक्ष पॅनवर

जाड बुडाचा पॅन घ्या. पातळ अॅल्युमिनियमच्या पॅनमध्ये ज्योतीच्या बरोबर वर एक चट्टा तापतो आणि कडा थंड राहतात. मध्यम ते थोड्या मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं तापवा. स्टील किंवा बिडाच्या भांड्यात पाण्याचा थेंब टाकल्यावर तो गोळी होऊन पळू लागला की तापलं. नॉनस्टिक रिकामा ठेवून इतका तापवू नका. तो तेल घालूनच, मध्यम आचेवर तापवा. तेल एक मोठा चमचा, रिफाइंड. लोणी आवडत असेल तर शेवटच्या मिनिटाला घाला, सुरुवातीला घातलं तर त्यातला दुधाचा अंश करपतो.

तुकडा आपल्यापासून लांबच्या दिशेने खाली सोडा, म्हणजे तेल अंगावर उडत नाही. आता कान द्या. टाकल्या टाकल्या जोरदार, एकसलग चरचर यायला हवी. नुसतीच फुसफुस आली तर पॅन थंड आहे. तडतडाट आणि धूर आला तर फार तापलाय, आच लगेच उतरवा. पहिल्या मिनिटानंतर आवाज थोडा खाली येतो, तो तिथेच राहू द्या. माझ्या मते या टप्प्यावर नजरेपेक्षा कान जास्त उपयोगी.

दीड ते दोन सेंटीमीटर जाडीला पहिली बाजू तीन-चार मिनिटं. कडेला पांढरेपणा साधारण निम्म्या उंचीपर्यंत चढलेला दिसेल. उलटा, आच थोडी कमी करा, आणखी दोन-तीन मिनिटं, आणि तापमान बघायला सुरुवात करा. हे आकडे अंदाजाचे आहेत, तुमचा गॅस आणि तुमचा पॅन वेगळा आहे. "एकदाच उलटायचं" असा काही नियम नाही. पहिली बाजू तांबूस झाल्यावर दर मिनिटाला उलटलंत तर उष्णता दोन्ही बाजूंनी सारखी आत जाते आणि बाहेरचा कोरडा थर पातळ राहतो.

तुकडा पॅनला चिकटला तर ओढू नका. स्टीलवर प्रथिनं आधी चिकटतात, कवच तयार झालं की बहुतेक वेळा आपणहून सुटतात. अर्धं मिनिट थांबा, मग उलथन्याने कडेने हलवून बघा.

उलथन्याने दाबू नका. मी वर्षानुवर्षं दाबायचे. दाबलं की "चर्र" असा मस्त आवाज येतो आणि काम चाललंय असं वाटतं. तो आवाज तुकड्यातून निघून गरम पॅनवर पडणाऱ्या रसाचा असतो.

अख्खा, न ठोकलेला तुकडाच करायचा असेल तर झाकणाची पद्धत वापरा. एका बाजूला तीन मिनिटं रंग येऊ द्या, उलटा, तीन-चार मोठे चमचे पाणी किंवा स्टॉक कडेने सोडा, घट्ट झाकण, आच अगदी मंद. वाफेचं तापमान १०० च्या वर जात नाही आणि ती वरून, बाजूंनी सगळीकडून लागते, त्यामुळे जाड भाग तळ न करपता शिजतो. आठ मिनिटांनी तापमान बघा, मग दर दोन मिनिटांनी. खालची बाजू खरपूस राहत नाही, पण वरची दिसायला छान असते.

जुना समज असा की आधी मोठ्या आचेवर चटका दिला की बाहेरचं कवच रस आत बंद करतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हे मांडलं आणि ते जगभर पसरलं. ते चूक आहे. कवचातून रस बिनदिक्कत निघतो, चरचर चालू राहते ती त्याचीच. चटका चवीसाठी द्या, रंगासाठी द्या. रस वाचवायच्या आशेने आच वाढवाल तर उलटं होईल.

बाहेर काढल्यावर पाच मिनिटं थांबा. मग मांसाचे धागे कुठल्या दिशेला जातात ते बघून त्यांना आडवे काप करा. धाग्यांच्या दिशेने कापलेला काप चांगल्या शिजलेल्या तुकड्याचा असला तरी चिवट लागतो, कारण लांब धागा तोडायचं काम मग दातांना करावं लागतं.

बाकीच्या तक्रारी, थोडक्यात

बाहेर करपलं, आत कच्चं: आच जास्त आणि तुकडा जाड. आत्तापुरतं वाचवायचं तर दोन चमचे पाणी, झाकण, मंद आच. मॅरिनेशनमध्ये साखर, मध किंवा वाटलेला लसूण असेल तर तो मांसाच्या आधी करपतो. शिजवायच्या आधी निपटून पुसून काढा.

कडेने पांढरा, चिकट साका येतो: ते विरघळलेलं प्रथिन आहे, खराबी नव्हे. आच फार असली की जास्त येतं, आधी मीठ लावलं की कमी येतं.

सगळं नीट केलं, आकडा बरोबर, तरी रबरासारखं, कचकच लागतं: हा तुमचा दोष नसण्याची शक्यता मोठी आहे. झपाट्याने वाढवलेल्या मोठ्या कोंबड्यांच्या छातीच्या स्नायूत एक दोष आढळतो, त्याला इंग्रजीत "वुडी ब्रेस्ट" म्हणतात. कच्चा तुकडा बोटांनी दाबला की जाड बाजू टणक, फुगलेली लागते, उचलून एका टोकाने धरला तरी वाकत नाही. तो खाण्यास अपायकारक नसतो, पण कुठल्याही आचेवर मऊ होत नाही. अशा तुकड्याचा खिमा करा किंवा शिजवून बारीक तोडून सूपमध्ये घाला. आणताना लहान तुकडे निवडले की हा प्रकार कमी भेटतो. चारशे ग्रॅमचा एकच ब्रेस्ट दिसला की मी तरी घेत नाही.

दुसऱ्या दिवशी गरम केल्यावर कोरडं: गरम करणं म्हणजे पुन्हा शिजवणंच, आणि पाणी धरून ठेवायची ताकद पहिल्याच खेपेला खर्च झालेली असते. उरलेला तुकडा दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, शक्यतो न कापता. तीन-चार दिवसांत संपवा. गरम करताना पातळ काप, थोडा स्टॉक किंवा पाणी, झाकण, मंद आच, आणि सगळीकडून वाफाळलं की लगेच बंद. डब्यासाठी असेल तर मी तो गरम करतच नाही. फ्रीजमधून काढून पातळ काप करते, वर थोडं तेल आणि लिंबू.